पट्ठानातील एकोणपन्नास प्रश्न आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी

अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची बहुधा दुसऱ्या वर्षी एका विषयाशी गाठ पडते. त्याचे नाव 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स', मराठीत 'विविक्त गणित'. बारावीपर्यंत गणितात उत्तम गुण मिळविलेले, संगणकावर प्रोग्राम लिहून तो चालवून दाखविणारे विद्यार्थीही या विषयापाशी येऊन थबकतात. आमच्या विहारात रविवारी भरणाऱ्या अभिधम्माच्या अभ्यासवर्गास असे पाच-सहा विद्यार्थी येतात. त्यांपैकी एक जण या विषयात अनुत्तीर्ण झाला होता आणि शाखा बदलण्याच्या विचारात होता. गणित तुमच्या लोकांच्या डोक्यात शिरायचे नाही, असे त्याला कोणीतरी तोंडावर ऐकविले होते. एके रविवारी आम्ही पट्ठानातील प्रश्नांचे कोष्टक फळ्यावर काढले असता तोच विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, हा तर आमच्या पुस्तकातला कार्टेशियन गुणाकार आहे." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. त्यानंतर आम्हीही त्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांची पाठ्यपुस्तके वाचू लागलो. आम्ही गणितज्ञ नव्हे, पालि भाषेचे अभ्यासक आहोत. तेव्हा प्रस्तुत लेखातील गणिताची बाजू एका विद्यार्थ्याची आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे आणि काही उणे आढळल्यास जाणकारांनी ते अवश्य कळवावे.

'विविक्त' हा शब्द पालि वाचकाच्या कानास परका नाही. 'विच्' धातूस 'वि' उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. पालितील 'विवित्त' आणि 'विवेक' हे शब्द याच कुळातील होत. वेगळे केलेले, एकमेकांपासून सुटे असलेले, असा त्याचा मूळ अर्थ आहे. पहिल्या झानाच्या वर्णनात साधक कामवासनांपासून वेगळा होतो असे जे सांगितले आहे, तेथेही हाच धातू योजिलेला आहे. गणितात हा शब्द सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी वापरतात. बारावीपर्यंतचे गणित बहुतांशी अखंड राशींचे असते: वेग, क्षेत्रफळ, वक्ररेषेखालची जागा. त्या गणिताची तुलना दोरीशी केली तर विविक्त गणिताची तुलना माळेशी करावी लागेल. दोरी कोठेही कापता येते, माळेत मात्र एक मणी आणि दुसरा मणी यांच्यामध्ये तिसरा नसतो. संगणकाच्या अंतरंगात असे मणीच आहेत, शून्य आणि एक. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांच्या नियमांविषयी ग्रंथ लिहून तर्काला बीजगणिताचे रूप दिले, आणि १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुणाने एमआयटीतील आपल्या पदव्युत्तर प्रबंधात विजेच्या स्विचांची जोडणी त्याच बीजगणिताने मांडता येते असे दाखविले. संच, संबंध, फलन, तर्क, विगमन, मोजणी, ग्राफ आणि वृक्ष ही प्रकरणे संगणकाच्या विद्यार्थ्यास शिकावी लागतात ती याच कारणामुळे.

मग विद्यार्थी अडतो कोठे? आमचे निरीक्षण असे की, तो आकडेमोडीत अडत नाही. शालेय गणितात सूत्र दिलेले असते, त्यात किंमती घालावयाच्या आणि उत्तर काढावयाचे. येथे प्रश्नाच्या अखेरीस उत्तर आधीच दिलेले असते व वर 'सिद्ध करा' असा आदेश असतो. विद्यार्थी व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवितो, पण तिचा उपयोग करावयाचा असतो हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. ओळखीच्या शब्दाचा ओळखीचा अर्थ तो मनात धरून चालतो आणि पहिल्याच पायरीवर घसरतो. 'संबंध', 'पूर्ण', 'वृक्ष' हे शब्द व्यवहारातले असले तरी गणितात त्यांचा अर्थ व्याख्येत लिहिला आहे तेवढाच असतो, त्याहून तसूभरही अधिक नाही.

अभिधम्मपिटकातील सहावा ग्रंथ 'यमक' हा जणू याच आजारावरील औषध म्हणून रचला गेला असावा. यमक म्हणजे जोडी. या ग्रंथात प्रश्न जोडीने येतात, एक सुलट व एक उलट. त्यातील खन्धयमकात असा प्रश्न आहे की, ज्याला 'रूप' म्हटले जाते ते सर्व रूपक्खन्धात मोडते काय? सामान्य श्रोता होय म्हणून मोकळा होईल. ग्रंथाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. 'पियरूप', 'सातरूप' या शब्दांत रूप हा शब्द प्रिय किंवा सुखद स्वरूपाचे, या अर्थाने आला आहे. तेथे शब्द रूप आहे, पण त्यातून रूपक्खन्ध अभिप्रेत नाही. जो रूपक्खन्ध आहे त्यास मात्र रूप म्हणता येते. शब्दाचा संच आणि व्याख्येचा संच एकच नसतात, हा धडा एवढ्या थोडक्यात शिकविणारे दुसरे स्थळ आम्हास ठाऊक नाही.

मूलयमकात हीच रीत पुढे जाते. सर्व कुसल धम्म हे कुसलमूल आहेत काय, आणि उलटपक्षी सर्व कुसलमूले ही कुसल धम्म आहेत काय? दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी आहे. पहिल्याचे उत्तर असे की, अलोभ, अदोस आणि अमोह ही तीनच कुसलमूले होत. उरलेले कुसल धम्म कुसल असले तरी मूळ नव्हेत. शाळेच्या भूमितीत ज्याला आपण प्रमेयाचा व्यत्यास म्हणतो तो हाच. चारने भाग जाणारी प्रत्येक संख्या सम असते हे खरे, पण प्रत्येक सम संख्येस चारने भाग जात नाही. सहाला जात नाही. विधान खोटे ठरविण्यास हे एक उदाहरण पुरते, याउलट ते खरे ठरविण्यास हजार उदाहरणेही अपुरी पडतात. 'हे विधान सिद्ध करा' म्हटल्यावर तीन-चार आकडे घालून पाहणाऱ्या व पान तेथेच सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण का जातात, हे यावरून लक्षात यावे.

व्यत्यास आणि मूळ विधान एक नव्हेत. परंतु विधान उलटे करून दोन्ही बाजूंचा निषेध केला तर ते मूळ विधानाशी अगदी समान राहते. पाठ्यपुस्तकांत याला काँट्रापॉझिटिव्ह म्हणतात. चारने भाग जाणारी संख्या सम असते, म्हणून जी सम नाही तिला चारने भाग जात नाही. कथावत्थूतील वाद याच चाकावर चालतो. परंपरेनुसार सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्रास झालेल्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी हा ग्रंथ सांगितला. त्यातील पहिलाच वाद पुग्गलाविषयी आहे. परमार्थाने पुग्गल आढळतो असे जर मानले, तर तो इतर परमार्थ धम्म जसे आढळतात तसाच आढळला पाहिजे, हे प्रतिपक्षास मान्य करावे लागते. तसा तो आढळतो असे म्हणण्यास तर तो तयार नाही, तेव्हा त्याचे पहिले म्हणणेही टिकत नाही. पहिल्यातून दुसरे निघते, दुसरे नाही, म्हणून पहिलेही नाही, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्यांनी कथावत्थूची दोन पाने या दृष्टीने वाचली तरी पुस्तकातील तर्काचे प्रकरण त्यांना निराळे वाटू लागते, असा आमचा अनुभव आहे.

येथे थोडे विषयांतर करणे आम्हास आवश्यक वाटते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला जे ऐकविले गेले, त्याचीही आम्ही वर्गात याच रीतीने तपासणी केली. ज्याला विषय समजला त्याला गुण मिळतात, हे विधान वादासाठी मान्य करू. मग ज्याला गुण मिळाले नाहीत त्याला विषय समजलेला नाही, हा निष्कर्ष नियमानुसार निघतो आणि तोही मान्य करावा. पण 'समजलेला नाही' यावरून 'समजणार नाही' कसे निघाले? आणि 'याला समजणार नाही' यावरून 'याच्या लोकांना समजणार नाही' कसे निघाले? या दोन पायऱ्या सिद्धतेत कोठेच नाहीत. त्या हळूच मध्ये सरकविलेल्या आहेत. गुणवत्तेच्या नावाने या देशात जे युक्तिवाद केले जातात त्यांपैकी पुष्कळ असे गाळलेल्या पायऱ्यांचे असतात, आणि त्या पायऱ्यांवर बोट ठेवण्याची विद्या ज्या विषयात शिकविली जाते त्याच विषयात आपला मुलगा अनुत्तीर्ण व्हावा, ही गोष्ट आम्हास फार लागली. परमपूज्य बाबासाहेबांनी कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्रासारख्या आकड्यांच्या शास्त्रात प्रबंध लिहिले आणि पालिचे व्याकरण व कोशही सिद्ध केला, हे या संदर्भात आठवावे. त्यांना या दोन विद्या परस्परविरोधी वाटल्या नव्हत्या.

आता भाषेचा प्रश्न. मराठी माध्यमातून आलेली मुले या विषयात अडखळतात त्याचे निम्मे कारण इंग्रजी शब्दांच्या छोट्या गाठी हे आहे: 'इफ', 'ओन्ली इफ', 'अनलेस', 'अ‍ॅट मोस्ट'. तथापि या गाठी सोडविण्याची उत्तम साधने मराठीतच आहेत. 'पाऊस पडला तर रस्ता ओला होतो' हे खरे आहे. 'पाऊस पडला तरच रस्ता ओला होतो' हे खोटे आहे, कारण पाण्याचा टँकर गळला तरीही रस्ता ओला होतो. एका 'च'ने पुरेशी अट आणि आवश्यक अट यांतील सारा भेद सांगितला. 'तर आणि तरच' म्हटले की दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. संस्कृतातील 'एव' या शब्दाचे तर्कातील कार्य काय, याची बारीक चिकित्सा बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी प्रमाणवार्तिकात केली आहे, आणि आपला 'च' त्याच जागी बसतो. 'किंवा' आणि 'की' यांचेही तसेच आहे. 'चहा की कॉफी' असे विचारले असता दोन्ही मागता येत नाहीत. 'ओळखपत्र किंवा पावती आणावी' असे लिहिले असता दोन्ही आणणारा परत पाठविला जात नाही. गणितातला 'किंवा' हा पावतीवाला आहे. एके ठिकाणी मात्र मराठी आपल्याला फसविते. 'प्रत्येक विद्यार्थ्याला मदत करणारा एक शिक्षक आहे' या वाक्यातून सर्वांना मिळून एकच शिक्षक, की ज्याचा त्याचा निराळा, हे कळत नाही. गणिताच्या चिन्हांत 'प्रत्येक' आधी आला की 'एक' आधी आला यावरून अर्थ पालटतो. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस असे सांगतो की, विधान प्रथम स्वच्छ मराठीत दोन-तीन प्रकारे लिहावे आणि त्यांतील कोणते पुस्तकाला अभिप्रेत आहे ते ठरवावे. इंग्रजी त्यानंतर.

आता ज्या कोष्टकाने ही चर्चा सुरू झाली त्याकडे वळू. पट्ठान हा अभिधम्माचा सातवा आणि सर्वांत विस्तृत ग्रंथ आहे. छट्ठसंगायन आवृत्तीत त्याचे पाच खंड आहेत. धम्म एकमेकांचे पच्चय कसे होतात, हे त्यात हेतुपच्चयापासून अविगतपच्चयापर्यंत २४ पच्चयांच्या साहाय्याने पाहिले आहे. ज्यांचा विचार करावयाचा त्या धम्मांची वर्गवारी २२ तिकांत व १०० दुकांत केलेली आहे. पहिला तिक कुसल, अकुसल आणि अब्याकत असा आहे.

प्रश्न विचारण्यापूर्वी आचार्य असा विचार करतात की, आरंभी कोण असू शकेल? केवळ कुसल, केवळ अकुसल, केवळ अब्याकत. नंतर कुसल व अब्याकत मिळून, अकुसल व अब्याकत मिळून, कुसल व अकुसल मिळून. आणि शेवटी तिन्ही मिळून. असे सात आरंभ झाले. उत्पन्न होणाऱ्या बाजूसही हेच सात शक्य आहेत. सातास सातांनी गुणता ४९. यांवर अवलंबून हे उत्पन्न होईल काय, असे ४९ प्रश्न एका तिकात एका पच्चयास मिळतात. चोवीस पच्चयांस ते एकेक करून लावले की १,१७६ होतात. दुकात दोनच पदे असल्यामुळे आरंभ तीन आणि प्रश्न नऊ.

सात हा आकडा कोठून आला? तीन घटकांच्या संचाला आठ उपसंच असतात. त्यांपैकी एक रिक्त संच. ज्यात काहीच नाही त्यापासून काय उत्पन्न होईल हा प्रश्न आचार्य विचारीत नाहीत, म्हणून तो वगळून सात राहतात. सातांच्या संचाचा स्वतःशी कार्टेशियन गुणाकार केला की ४९ घरे मिळतात. फळ्यावर सात ओळी व सात रकाने आखून आमच्या विद्यार्थ्यांनी हीच घरे काढली होती.

खरी गंमत यापुढे आहे. हेतुपच्चयाच्या पटिच्चवारात या ४९ प्रश्नांपैकी केवळ नऊ प्रश्नांना उत्तर मिळते. कुसलावर अवलंबून कुसल, अब्याकत, आणि कुसल-अब्याकत मिळून असे तीन. अकुसलावर अवलंबून तसेच तीन. अब्याकतावर अवलंबून अब्याकत हा एक. कुसल-अब्याकत मिळून अब्याकत हा एक, आणि अकुसल-अब्याकत मिळून अब्याकत हा एक. ही नऊ घरे भरली, चाळीस रिकामी राहिली. गणिताच्या भाषेत 'संबंध' म्हणजे नेमके हेच, गुणाकाराच्या सर्व घरांतून निवडलेली काही घरे. त्याहून अधिक गूढ त्यात काही नाही. पुस्तकातील व्याख्या विद्यार्थ्यास कोरडी वाटते, कारण कोणती घरे का निवडली हे तेथे सांगितलेले नसते. येथे ते सांगता येते. कुसल चित्ताबरोबर जे रूप उठते ते अब्याकत असते, म्हणून कुसलाच्या ओळीत अब्याकताचे घर भरते. ते चित्तज रूप चित्ताच्या खन्धांवर आणि महाभूतांवर एकत्रितपणे अवलंबून असते, म्हणून कुसल-अब्याकताच्या ओळीत अब्याकत येते. कुसल आणि अकुसल एका चित्तात एकत्र येत नाहीत, म्हणून त्या जोडीच्या साऱ्या ओळी व सारे रकाने मोकळे राहतात.

आरम्मणपच्चय लावला की भरलेली घरे तीनच उरतात: कुसलावर कुसल, अकुसलावर अकुसल, अब्याकतावर अब्याकत. रूप हे कोणत्याही विषयाचे आलंबन करीत नाही, त्यामुळे ज्या घरांत रूप येत होते ती गळून पडतात. दोन्ही पच्चय एकत्र लावले तर किती घरे राहतील? ग्रंथ तीन असे सांगतो. नऊ घरांच्या संचाचा आणि तीन घरांच्या संचाचा छेद घेतला तर तीनच येतात. हे उत्तर ग्रंथात पाहण्यापूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने फळ्यावर काढून दाखविले, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो सांगण्याजोगा होता.

जे चाळीस प्रश्न निष्फळ ठरणार होते तेही संख्येत धरलेले आहेत, ही गोष्ट आम्हास विशेष वाटते. उत्तर नाही असे आधीच गृहीत धरून एकही घर वगळलेले नाही. प्रोग्राम लिहिणारे विद्यार्थी सांगतात की, त्यांच्या चुका बहुधा 'असे कधी होणारच नाही' म्हणून सोडून दिलेल्या घरातच दडलेल्या असतात. हल्ली प्रोग्राम लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. पण यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रामात कोणते घर राहून गेले हे पाहावयाचे तर सारी घरे आधी मांडता आली पाहिजेत.

पट्ठानासारखा ग्रंथ संपूर्ण लिहून काढणे अशक्यप्राय होते, म्हणून त्यात पावलोपावली 'पेय्याल' येतो. छापील पालि ग्रंथांत दोन बाजूंस टिंबे व मध्ये 'पे' अशी खूण दिसते. पुढचे याच रीतीने समजून घ्यावे, असा तिचा अर्थ. गणिताच्या पुस्तकातही अशी तीन टिंबे असतात आणि विद्यार्थी त्यांवरून डोळे झाकून पुढे जातो. 'याच रीतीने' म्हणण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न विविक्त गणित विचारते, आणि त्याच्या उत्तरास गणिती विगमन म्हणजे 'मॅथेमॅटिकल इंडक्शन' असे नाव आहे. वर आपण तिघांचे आठ उपसंच मोजले. चोवीस पच्चयांचे किती? एकेक मोजीत बसण्याचे कारण नाही. रिक्त संचाला एकच उपसंच असतो, तो स्वतः. आता कोणत्याही संचात एक नवा घटक आणून ठेवला तर जुन्या प्रत्येक उपसंचापुढे दोन वाटा उभ्या राहतात, नव्यास घ्यावे किंवा न घ्यावे. म्हणजे उपसंचांची संख्या दर वेळी दुप्पट होते. एक, दोन, चार, आठ. चोवीस वेळा दुप्पट केले की १,६७,७७,२१६. ही झाली सिद्धता, आणि ती कितीही घटकांस लागू आहे.

विगमनाविषयी विद्यार्थ्यांची एक ठराविक तक्रार असते: जे सिद्ध करावयाचे तेच मध्येच खरे मानले जाते, ही लबाडी नव्हे काय? ही शंका बुद्धीची खूण आहे, तिला दटावून गप्प बसवू नये. तेथे सिद्ध करावयाचे असते ते एवढेच की, हे एका पायरीवर खरे असेल तर पुढच्या पायरीवरही खरे होईल. पहिली पायरी खरी आहे की नाही, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. पणत्यांची रांग आहे आणि प्रत्येक पणती पेटली तर शेजारची पेटवते. पण पहिली कोणी पेटविलीच नाही तर सारी रांग अंधारातच राहील. परीक्षेत ही पहिली पायरी लिहावयाचे पुष्कळ जण विसरतात. येथे कोणास 'हे असता ते होते' या इदप्पच्चयतेची आठवण होईल. ती जरूर व्हावी, मात्र तिथेच थांबावे. पटिच्चसमुप्पाद हा घडणाऱ्या गोष्टींचा नियम आहे. विगमनात काहीच घडत नसते, तेथे एका विधानावरून दुसरे निघते. दोहोंची रचना सारखी दिसते, वस्तू निराळी आहे.

दोनाच्या घातांचा हा खेळ मराठी शाळेतील प्रत्येकाने नकळत खेळलेला आहे. वृत्तांच्या धड्यात 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र सर्वांनी घोकले असेल. लघू व गुरू अशी दोन चिन्हे, तीन जागा, म्हणून दोनाचा तिसरा घात, म्हणजे आठ गण. सूत्राची दहा अक्षरे घेऊन सलग तीन-तीन अक्षरे वाचीत गेले की यमाता, मातारा, ताराज असे करीत आठही गण एकेकदाच येतात, एकही सुटत नाही व एकही पुन्हा येत नाही. शेवटची दोन अक्षरे लघू-गुरू आहेत व पहिली दोनही लघू-गुरूच आहेत. त्यामुळे शेवटची दोन काढून उरलेली आठ अक्षरे वर्तुळात मांडली तरी नियम टिकतो. अशा मांडण्या किती असू शकतात याची सिद्धता डच गणिती डी ब्रुइन यांनी १९४६ साली प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या नावाचे ग्राफ आज जनुकांचे तुकडे जुळविणाऱ्या प्रोग्रामांतही वापरले जातात. लघू-लघू, लघू-गुरू, गुरू-लघू, गुरू-गुरू असे चार बिंदू काढून एका जोडीतून दुसरीत जाणारे आठ बाण काढावेत आणि प्रत्येक बाणावरून एकदाच जाऊन परत यावे. ऑयलर यांनी १७३६ साली कोनिग्सबर्गच्या सात पुलांविषयी जो प्रश्न सोडविला त्याच जातीचा हा प्रश्न आहे, फरक एवढाच की तेथे वाट नव्हती, येथे आहे. पालि छंदशास्त्रातही ही मोजणी आलेली आहे. बाराव्या शतकात सिंहलद्वीपी संघरक्खित थेरांनी लिहिलेल्या 'वुत्तोदय' ग्रंथाचा शेवटचा परिच्छेद लघू-गुरूंच्या मांडणीच्या व मोजणीच्या सहा रीतींसाठीच आहे.

एवढे लिहिल्यावर एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. अभिधम्मात संगणक होता, असे या लेखाच्या आधारे कोणी व्यासपीठावरून सांगू नये. तसली भाषणे इतरांच्या पोथ्यांविषयी आपण पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांवर यथेच्छ हसलोही आहोत. पट्ठानकारांनी ४९ प्रश्न मांडले, पण कितीही पदांस लागू पडणारे सर्वसामान्य सूत्र आणि त्याची सिद्धता त्यांनी दिलेली नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती. एकही धम्म स्वतःच्या बळावर उभा नाही, आणि म्हणून 'अत्ता' म्हणून धरून बसावे असे काही नाही, हे तपशिलाने दाखविणे हा त्यांचा हेतू होता, आणि मोजणी हे त्या हेतूचे साधन. त्याचप्रमाणे भगवंतांनी काही प्रश्न अनुत्तरित ठेवले आणि ट्यूरिंग यांनी १९३६ साली काही प्रश्नांना यंत्र उत्तर देऊ शकत नाही हे सिद्ध केले, या दोहोंची सांगड घालण्याचा मोहही टाळावा. पहिल्या ठिकाणी प्रश्नच दुःखमुक्तीस निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवला आहे, तर दुसऱ्या ठिकाणी प्रश्न योग्य असून सर्व बाबतींत उत्तर देणारी एक रीत असू शकत नाही, असे दाखविले आहे. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका हा केसमुत्ति सुत्तातील उपदेश आपल्याच परंपरेस प्रथम लागू होतो.

वर्गात आम्ही जे करतो ते साधे आहे. दोघांची जोडी करतो. एकाने सकवादी व्हावे, दुसऱ्याने परवादी. सकवाद्याने विधान मांडून प्रत्येक पायरीस कारण द्यावे, परवाद्याने 'हे कशावरून' एवढेच विचारीत राहावे. जेथे सकवादी 'हे उघडच आहे' असे म्हणतो तेथे बहुधा सिद्धतेला भोक पडलेले असते. नवी व्याख्या आली की तिच्यात बसणारी तीन उदाहरणे व न बसणारी तीन उदाहरणे वहीत लिहावयाची. न बसणारी उदाहरणे अधिक शिकवितात. ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख आरंभी केला तो पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. गुण फार नव्हते. तो आता परवाद्याची भूमिका फार उत्तम करतो आणि आमच्याही पायऱ्या अडवितो.

सध्या वर्गात पहिला दुक, म्हणजे हेतू आणि न-हेतू, चालू आहे. पदे दोन, आरंभ तीन, प्रश्न नऊ. कुसलतिकात ४९ पैकी नऊच घरे भरली होती. येथे हेतुपच्चयात नऊपैकी नऊही घरे भरतात. हेतू स्वतः दुसऱ्या हेतूंवर अवलंबून कसा उत्पन्न होतो, हे अलोभ, अदोस व अमोह ही तीन मुळे एकाच चित्तात घेऊन वाचकांनी तीन ओळी व तीन रकाने आखून स्वतः पाहावे. मुले आपली कोष्टके घेऊन आली की पुढील रविवारी आरम्मणपच्चय घ्यावयाचा आहे.